नादारीचा अर्ज आणि आक्काचा जबाब

प्रिय आक्का,

तुझ्या नावानं मी जन्मात कधी पत्र लिहिलं नाही. कॉलेजात असताना लिहायचो ते इमामभाईंच्या नावावर, आणि ते तुला ओट्यावर बसवून वाचून दाखवायचे. आता तू नाहीस आणि मी कागद घेऊन बसलोय. हसशील तू. हस बापडी. पण काल वडगावच्या कचेरीत जे माझ्या डोळ्यांनी वाचलं, ते सांगितल्याशिवाय मला घास गिळवत नाही. घरात बायकोला सांगायला गेलो आणि नुसतं पाणी मागून परत आलो.

तुला जाऊन बावीस दिवस झाले. गावच्या घराच्या कागदावर अजून तुझं नाव आहे, 'अज्ञान पालनकर्ती बहीण' असं, म्हणजे वयात न आलेल्या भावाला सांभाळणारी. आई-आबा तापाच्या साथीत एका आठवड्यात गेले आणि तू कपाळ पांढरं घेऊन नुकतीच माहेरी परत आली होतीस, तेव्हा लिहिलेलं ते. मी सहा वर्षांचा होतो. आता मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर, मला दोन पोरं, तरी कागदावर मी आपला अज्ञानच! ते नाव कमी करायला म्हणून वडगावला गेलो.

तिथले म्हातारे कारकून गावाचं नाव ऐकून थबकले. चष्मा वर करून माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हैस घेऊन आलेल्या बाईंचे भाऊ का तुम्ही?"

मी म्हटलं, आपली काहीतरी गफलत होतेय. ते उठले. आतल्या खोलीत गेले, कापडात बांधलेलं एक जुनं दप्तर झटकत आणलं आणि माझ्यापुढं सोडलं.

आक्का, माझा नादारीचा अर्ज होता त्यात! पंधरा वर्षांपूर्वीचा!

आठवतं ना तुला? मी मॅट्रिक झालो होतो. हेडमास्तरांनी सांगितलं, घरची ऐपत नसेल त्याला सरकार कॉलेजची फी माफ करतं, वर खाण्याराहण्याला मदतही देतं. फक्त अर्ज करायचा. मग कचेरीतून सर्कलसाहेब घरी येऊन परिस्थिती बघून जाणार आणि त्यांच्या शेऱ्यावर सगळं ठरणार. मी नाचत घरी आलो. तू विचारलंस, या मदतीला म्हणतात काय? मी म्हटलं, नादारी. तुझा चेहरा असा उतरला! नादार म्हणजे भिकेला लागलेला, एवढं तुला ठाऊक होतं. "माझ्या जितेपनी त्यो शबुद ह्या दारात नगं," म्हणालीस.

पण साहेब घर बघायला येणार म्हटल्यावर तू पदर खोचलास. आपल्याकडं घर बघायला कोण येतं? मुलीकडचे. आणि ते येणार म्हटलं की काय करायचं, हे मावळात कुणाला शिकवावं लागतं का? शेजाऱ्याचं दुभतं आपल्या दावणीला बांधायचं, चार घरची भांडी आणून चुलीमागची फळी भरायची. भरलं घर दिसल्याशिवाय कुणी आपलं काही देईल का, हा तुझा हिशेब. सोयरीक जमवायला निघालेलं सरकार तुला दिसत होतं!

केरूआबांची म्हैस आली. ठकूमावशीचे पितळी हंडे आले, चिंचेनं घासून लखलखीत केलेले. इमामभाईंनी सतरंजी दिली, आणि साहेबाला टेकायला म्हणून त्यांच्या पानाच्या दुकानातली एकुलती एक खुर्चीसुद्धा. पुरण शिजलं. कटाची आमटी अशी झाली होती की गल्लीभर वास.

आणि मी? मी मॅट्रिक झालेला, इंग्रजी येणारा शहाणा! मी इमामभाईंचा कोट घालून साहेबांना 'गुड मॉर्निंग' केलं आणि त्यांच्या पंगतीला बसून पाच पोळ्या हाणल्या. माझ्या तरी डोक्यात यायला नको होतं का की आपण इथं गरिबी दाखवायला बसलोय? सगळा दोष तुझ्यावर टाकला मी, पण त्या दिवशी तुझ्याइतकाच मीही खूश होतो. हे आज कबूल करतोय.

साहेब ढेकर देऊन गेले. महिन्याभरानं कागद आला: घर सुस्थितीत, दुभतं जनावर बाळगून, मदतीची गरज दिसत नाही. अर्ज नामंजूर.

त्या संध्याकाळी मी तुला काय काय बोललो, ते मला शब्दनशब्द आठवतं. अडाणी म्हणालो. तुझ्या पुरणपोळीनं माझा गळा कापला म्हणालो. तू चुलीपुढं बसून होतीस, एकदाही वर बघितलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला निघून गेलो, एका वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला लागलो. तू दोनदा भाकरी बांधून पाठवलीस, ती मी दुकानातल्या हमालाला दिली. तुला निरोप नाही, काही नाही. दीड महिना!

त्याच दुकानात बसून मी कलेक्टरसाहेबांना इंग्रजीत अर्ज लिहिला. तीन दिवस खपत होतो. शब्दकोशातले जड जड शब्द उचलून घातले. आणि पुढल्या महिन्यात खरंच नादारी मंजूर झाली! कॉलेज सुरू होऊन चार आठवडे उलटले होते, तरी मला घेतलं. मी घरी आलो तो छाती काढून. माझ्या एका अर्जानं सरकार हललं, हे मी अख्ख्या गावाला सांगितलं. तू म्हणालीस, "व्हय, लय झ्याक लिवतोस तू." आणि गूळ दिलास हातावर.

तेव्हापासून पंधरा वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. दर वर्षी मॅट्रिकच्या मुलांना निरोप देताना सांगतो: पोरांनो, भाषा कमवा, एका अर्जानं माझं आयुष्य घडलं.

काल तो अर्ज बघितला. कलेक्टरसाहेबांकडून वडगावला आलेला तो दप्तरात अगदी खाली होता. त्याच्या कोपऱ्यात कुणीतरी दोन शब्द लिहिलेत: 'दाखल असे'. कारकुनांना विचारलं, याचा अर्थ काय? ते जरा ओशाळून म्हणाले, म्हणजे दप्तरात ठेवून द्या, यावर काही करायचं नाही. बस्स. माझे जड जड शब्द कुणी वाचलेसुद्धा नव्हते!

त्याच्यावर होता तुझा जबाब.

खाली तुझा अंगठा होता. जरा पुसटलेला, कडेला चिरेची रेघ असलेला, विळ्यानं कापलं होतं ती. कचेरीच्या भाषेत लिहिलं होतं की, चौकशीच्या दिवशी दिसलेली म्हैस, हंडे, खुर्ची, सतरंजी व मुलाच्या अंगावरील कोट यांपैकी काहीही माझे नाही. भावाचे भले व्हावे म्हणून मागून आणले. ज्याचे त्याचे मालक समक्ष हजर आहेत. आम्ही नादार आहोत.

आम्ही नादार आहोत! तू म्हणालीस हे? भर कचेरीत, परक्या पुरुषांसमोर? दारावरून सर्कल गेला तरी पदर पुढं ओढणारी तू!

पुढचं कारकुनांनी सांगितलं. ते तेव्हा तिथं नवीन होते. म्हणाले, सकाळी कचेरी उघडतो तो आवारात ही वरात. पुढं एक म्हातारा म्हैस धरून, मागं एक बाई डोक्यावर हंडे घेऊन, एक तांबोळी पाठीवर खुर्ची आणि काखेत सतरंजी मारून. आणि सगळ्यांच्या मागं तुमच्या बहीणबाई, हातात घडी केलेला कोट. घोरावाडीला रूळ ओलांडताना म्हैस अडून बसली, नाहीतर उजाडतानाच पोचलो असतो, असं म्हातारबा सांगत होते. शिपायानं हाकललं तरी हलले नाहीत. पक्षकार, वकील, सगळे हसत होते. शेवटी मामलेदारसाहेब स्वतः बाहेर आले, तेव्हा एकेकानं पुढं होऊन आपापल्या वस्तूवर हात ठेवून सांगितलं, ही माझी. साहेबांनी तिथंच फेरचौकशीचा हुकूम दिला.

अगं, इतक्या लोकांसमोर! तुझी अब्रू तू एकेक हंडा मोजून दिलीस, आणि मी तिकडं वाण्याकडं बसून तुझ्या नावानं बोटं मोडत होतो!

परत फिरण्याआधी गावाला जाऊन आलो. केरूआबा आणि इमामभाई तर गेलेच, ठकूमावशी तेवढी आहे. आता तिला दिसत नाही फारसं. मी विचारलं, मावशे, मला एका शब्दानं का नाही बोललीस? ती म्हणाली, "आक्कानं देवाम्होरं शपथ घातलीती आमाला. म्हनली, त्याला वाटतंय त्याच्या लिवन्यानं झालं, तर तसंच वाटू द्या. त्या जोरावर शिकंल त्यो."

बरोबर आहे तुझं. त्याच जोरावर शिकलो मी. पण नंतर? नंतर तरी सांगायचंस की गं! दहा वर्षं तू माझ्या घरी लोणावळ्याला होतीस. मागल्या दिवाळीत शाळेतले मास्तर फराळाला आले होते, तेव्हा मी काय केलं? तुझ्याकडं बोट दाखवून म्हणालो, ही आमची आक्का, हिनं साहेबाला पुरणपोळी खाऊ घालून माझं कॉलेज घालवलं होतं, ते मी माझ्या अर्जानं परत मिळवलं. सगळे खो खो हसले. तूही हसलीस, आणि चहा टाकायला आत गेलीस. एक शब्द बोलली असतीस तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. का नाही बोललीस? माझाच राग आलाय मला म्हणू, की तुझा? दोन्ही होतंय. कालपासून मी नुसता येरझाऱ्या घालतोय.

आणि एक राहिलं. ते लिहायला हात धजत नव्हता म्हणून मागं ठेवलं. मी निघताना कारकून दारापर्यंत आले. म्हणाले, जबाबात घेतलं नाही, पण मी कानांनी ऐकलंय. मामलेदारसाहेबांनी तुमच्या बहिणीला विचारलं होतं, बाई, हे सगळं या लोकांचं, मग त्या घरात तुमचं असं आहे काय? तर त्या म्हणाल्या,

"भाऊ हाय की, सायेब. पर त्यो आता माझ्याशी बोलत न्हाई."

हे ऐकून साहेबांनी मान खाली घातली म्हणे. आक्का, मी कचेरीच्या पायरीवर बसलो. उठायला मला शिपायानं हात दिला.

ऐक आता. सोमवारी मॅट्रिकच्या मुलांचा निरोपाचा कार्यक्रम आहे. माझं भाषण ठरलेलं आहे. तेच मास्तर लोक पुढच्या रांगेत असतील, दिवाळीला हसलेले. मी त्यांच्यासमोर उभा राहून तुझा जबाब सांगणार आहे, म्हशीसकट, खुर्चीसकट. आणि माझ्या अर्जावर कुणी काय लिहिलं होतं तेही. कारकुनांकडून तुझ्या जबाबाची नक्कल उतरवून आणलीय, ती मुलांना वाचून दाखवीन. हसले तर हसू देत. तुला हसले तेव्हा तू पळाली नाहीस, मीही पळणार नाही. तो दीड महिना मी कुठं बसलो होतो, कुणाशी बोलत नव्हतो, तेसुद्धा सांगीन. तेवढं सांगताना आवाज फुटेल की नाही, कोण जाणे. पण बोलणार आहे मी, आक्का. तुझ्याशीच बोलणार आहे.

तुझाच भाऊ,
गणू