पोथीतला तेलाचा अध्याय

शहाड,
पौष शुद्ध पंचमी, शके १८७९

चिरंजीव मधुसूदन यास हरिहरचे मनापासून आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. नाशकात थंडी फार आहे आणि चि. सौ. उत्तराचा खोकला हटत नाही हे वाचून काळजी वाटली. तिला ज्येष्ठमध चघळायला सांग, आणि बसच्या वर्कशॉपातून आल्यावर तसेच तेलकट हात पाण्याच्या तांब्याला लावत जाऊ नकोस (ही सूचना तुझ्या ताईची आहे, ती आता नाही म्हणून तिच्या वतीने मी करतो). माझी प्रकृती बरी. एकट्यापुरता स्वयंपाक अजून साधत नाही. भात दोघांचा होतो आणि उरलेला शेजारच्या गाईला जातो. गाय मजेत आहे.

तू विचारले आहेस की ताईच्या शेतात वाल पेरले का. ह्याचे उत्तर 'अर्धे पेरले' एवढेच आहे. पण चाळीस वर्षे मुलांना 'सविस्तर उत्तरे लिहा' म्हणून दरडावलेला माणूस मी, दोन शब्दांवर कसा सुटणार?

ताईचे शेत म्हणजे नदीकडचा तो दीड एकराचा तुकडा. भात कापला की जमिनीत ओल आहे तोवर नांगरून वाल टाकायचे, हा सुमतीचा नेम. मी बांधावर बसून मोठ्याने कविता म्हणायचो आणि ती पेरायची. मदतीची वाटणी आमच्यात अशी होती. आषाढात ती गेली. दसऱ्याला बाळ डोंबिवलीहून आला आणि (चिरंजीव माझेच, पण हल्ली बोलतात इन्स्पेक्टरसाहेबांसारखे) म्हणाला, "बाबा, यंदा तुम्ही हा तुकडा पेरलात तर ठेवू. पडीक राहिला तर चाळी बांधणारे मागताहेत, त्यांना देऊ. मग तुम्ही आमच्याकडे या." त्याचे काही चुकत नाही. त्याच्या दोन खोल्यांत त्याने मला खिडकीजवळची जागा कबूल केली आहे. खिडकीतून समोरची खिडकी दिसते.

माझ्याकडे बैल नाहीत, पण परशुराम आहे. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला. आज गावात सगळ्यांत जास्त जमीन त्याची. गेल्या साली त्याने एक छोटा, करड्या रंगाचा विलायती ट्रॅक्टर घेतला. त्याला मागे दोन लोखंडी हात आहेत आणि पोटातल्या तेलाच्या दाबाने ते हात नांगर वर उचलतात, खाली ठेवतात (तुला हे सांगणे हास्यास्पद आहे, पण मला हे कळायला साठी उलटावी लागली, तेव्हा सांगू दे). कार्तिकात थंडी जरा लवकर उतरली आणि परशुराम एका संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसला. "गुरुजी, यो सकालचा नांगर उचलीतच नाय. धा वाजेपर्यंत ऊन खात बसतो, आमच्या बापासारका." सोबत ट्रॅक्टरबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक होते, फडक्यात बांधलेले. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा.

मी पुस्तक उघडणार तोच त्याची आई कलावती म्हणाली, "असा नाय उगडायचा गुरुजी. दिवा तरी लावा." झाले. सुमतीच्या देवघरासमोर पाट आला, पुस्तकाला हळदकुंकू वाहिले, आणि पोथीचे सगळे नियम त्या पुस्तकाला लागू झाले. रोज दिवेलागणीला एकच अध्याय. मधला टाकून पुढचा वाचायचा नाही, अर्ध्यावर उठायचे नाही, अमावास्येला वाचन बंद. शेवटी गूळखोबरे. पहिल्या दिवशी सातजण होते, चौथ्या दिवशी ओसरी पुरेना. मी इंग्रजी वाक्य वाचायचो, मग त्याचा मराठी अर्थ, मग अर्थाचा विस्तार. टायरमधल्या हवेच्या अध्यायात मी वाऱ्यावरच्या तीन कविता म्हटल्या. दिव्यांच्या अध्यायात कलावतीने डोळ्यांना पदर लावला. तिला काय आठवले ते तीच जाणे. सुमती गेल्यापासून त्या घरात इतकी माणसे एका वेळी खोकली नव्हती.

सहाव्या दिवशी 'थंडीतील काळजी' हा अध्याय आला. त्यात म्हटले होते की थंडीत जाड तेल काढून पातळ तेल भरावे. हेमंत ऋतू म्हणजे माझा जुना जिव्हाळ्याचा विषय. धुके, दव, उसांचे तुरे असे करत मी तास घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी परशुरामने ट्रॅक्टर सुमतीच्या शेतात आणून उभा केला, पोटाखालचे बूच काढले आणि जुने तेल सगळे सोडून दिले. नवे कोणते भरायचे ते पुढच्या अध्यायात होते. आणि त्या दिवशी अमावास्या.

परशुराम दुपारी आला. "गुरुजी, ओल चालली. वाचू नका, पन निस्ता तेलाचा नाव सांगा." आता पुस्तक उघडायचे नाही, तेव्हा मी डोके चालवले. खोबरेल थंडीत थिजते हे लहान मूलही सांगेल. एरंडेल जाड. मग मला माझी आई आठवली. थंडीच्या पहाटे ती आम्हा भावंडांना ओळीने बसवून अंगाला तेल चोळायची, चुलीपुढे, बाहेर कितीही गारठा असो. ते तेल कधी थिजले नाही. मी म्हणालो, "तिळाचं." परशुरामने एकदा माझ्याकडे पाहिले. चौथीतही तो असाच पाहायचा आणि मग मी सांगेन ते पाटीवर लिहायचा. कल्याणच्या तेल्याकडचे होते नव्हते तेवढे तिळाचे तेल संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरच्या पोटात गेले.

मधु, तू हसत असशील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला दीड तास ट्रॅक्टर असा चालला की बघत राहावे. नांगर फुलासारखा वर जायचा, सगळ्या शेतात संक्रांतीचा वास, आणि मागे गावातली दोन कुत्री भक्तिभावाने चालत. मग, बरोबर अर्धे शेत झाल्यावर, पोटात फेस झाला, तेल कढईतल्यासारखे करपले आणि ते दोन हात गळाले. नांगर जमिनीत घुसला तो घुसला. ओढायला सहा बैल लागले. शेजारच्या मोहने गावातल्या कारखान्याचा भोंगा वाजला तेव्हा तिथून सुटलेली माणसेही बांधावर येऊन उभी राहिली. त्यातला एकजण म्हणाला, "मास्तर, आता भजी सोडा." परशुराम त्याच्यावर धावून गेला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला, "गुरुजींनी बराबर वाचला. चूक माजी हाय. मी तेल कडवून घ्याला होवा होता."

इतरांचे बैल मोकळे होईपर्यंत उरलेल्या अर्ध्याची ओल गेली. अर्ध्यात वाल टाकले, ते आता वीतभर झाले आहेत. मागल्या रविवारी बाळ आला, बांधावर उभा राहिला, हिरव्या अर्ध्याकडे आणि पांढऱ्या अर्ध्याकडे पाहिले. "अर्धं म्हणजे नाहीच ना, बाबा," म्हणाला, पण हळू म्हणाला. चाळवाल्यांना होकार गेला. शेंगा निघेपर्यंत मी इथे राहायचे. शिमगा झाला की तो न्यायला येणार आहे.

उत्तराला आशीर्वाद. मुलांना पाढे विचारीत जा.

तुझा,
हरिहर

ता. क. परशुरामने ट्रॅक्टरचे पोट घासलेटने तीनदा धुतले आहे. पुस्तकातले तेल कल्याणला मिळत नाही, तेव्हा तुमच्या वर्कशॉपात योग्य तेलाची चौकशी करून दोन डबे कल्याणला येणाऱ्या कुणाबरोबर पाठव. पैसे परशुराम देईल. मी देऊ केले तर रागावतो.

ता. क. २. तुझ्यापासून काय लपवायचे. 'थंडीतील काळजी' ह्या अध्यायाचे पहिलेच वाक्य असे आहे की ही सूचना जिथे पाणी गोठते अशा मुलखासाठी आहे. इतरत्र तेल बदलू नये, सकाळी इंजिन दहा मिनिटे नुसते चालू ठेवावे. ते वाक्य मी वाचले होते. मोठ्याने वाचले नाही. वाचले असते तर अध्याय तिथेच संपला असता, परशुरामचे काम झाले असते आणि मंडळी चपला घालून गेली असती. दिव्यात तेल बरेच होते. तिळाचा मूर्खपणा खरा होता, पण चूक त्याच्या आधीची आहे. परशुरामला हे अजून सांगितलेले नाही. रोज संध्याकाळी तो येतो तेव्हा सांगायचे ठरवतो.

ता. क. ३. तो येतो, कारण पोथीचे दोन अध्याय उरले आहेत. आता एका अध्यायाचे मी पाच दिवस करतो, तरी दहा दिवसांत संपेल. तुमच्याकडे बसची, पंपाची, कसल्याही यंत्राची इंग्रजी पुस्तके पडलेली असतील तर तेलाच्या डब्यांबरोबर पाठव. यंत्र गावात नसले तरी चालेल, नसलेलेच बरे. शिमग्यापर्यंत पुरेल एवढे जाड बघ.