ओढ्यासाठी उंच केलेली गाडी

३ डिसेंबर १९६६, सुदुंबरे
मिलिटरीच्या लिलावातली पिकअप आज उंच केली. स्प्रिंगला जादा पाटे घातले. ओढ्यातल्या दगडांसाठी. गुडघ्यामुळे सासऱ्यांना, म्हणजे आबांना, आता चढता येत नाही, हा योगायोग.

उद्यापासून खंडाळ्याच्या हॉटेलला घरच्या म्हशींचं दूध. दूध नीट येऊ लागलं की मागची खोली मला आणि बायकोला, रतनला, असं तिथला मॅनेजर म्हणाला. मग मी कुणाचा घरजावई नाही.

४ डिसेंबर
वेग घेतला की गाडी थरथरते. दात वाजतात. टायरचा दोष.

८ डिसेंबर
टायर बदलले. थरथर आहेच. रस्ताच खराब. सरकारला लिहिणार.

आबा म्हणाले, पाव्हणं, खंडाळ्याची हवा लय चांगली म्हनत्यात, आमाला बी न्या की. सासूबाईंनी स्टूल आणलं. तरी चढता आलं नाही. फार वाईट वाटलं. शिट्टी वाजवत निघालो.

११ डिसेंबर
हॉटेलात कॅन उघडला, तर दुधावर लोण्याचे गोळे. मॅनेजरने विचारलं, चहात ताक घालू का? मी म्हटलं, दूध दाट असल्याचा हा पुरावा. त्याला पटलं नाही.

१५ डिसेंबर
लोणावळ्याच्या बजरंग मिस्त्रीला बजावलं, पाटे सोडून काहीही बदल. त्याने मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा नवा घातला. स्प्रिंगखाली पाचरी मारल्या. पुढच्या खेपेला दूध घेऊन निघालो, घोरावाडीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. पुढे खरंच लोणी.

२६ डिसेंबर
मॅनेजर म्हणाला, आता लोणी आलं तर खोली विसरा. रतन म्हणाली, उंच केल्यापास्नंच थरथरतीया, खाली घ्या की. शाफ्ट तिरका पडतो हे मला आधीपासून माहीत होतं. घाई केली नाही, इतकंच.

२८ डिसेंबर
पाटे काढले. थरथर गेली.

९ जानेवारी १९६७
खोली मिळाली. उद्या पहाटे निघायचं. आबांना तिकडून पत्राने कळवीन.

१० जानेवारी, खंडाळा
पहाटे आबा पुढच्या सीटवर. मांडीवर वळकटी. म्हणाले, बगा, आता कसं चढलो. रतनला इतका आनंद झाला की मी गाडी सुरू केली. गाडी इतकी छान चालली की आबा वाटभर घोरले. मला रडू येत होतं.

खोली एकच. आबा भिंतीकडे, मी दाराशी. संध्याकाळी हॉटेलच्या माळ्याने आबांना विचारलं, हे कोण? आबा म्हणाले, आमचं जावई, आमच्यातच ऱ्हात्यात.