तांबडीच्या पोटातली चरबी

पौष, सोमवार. फसली १३५५

काल व्याही बाळ बघून गेले. पणतवाचं नाक बिलकुल माझं, व्याह्यांनीबी कबूल केलं. किसननं त्यांच्यासाठी काळी कोंबडी कापली. पोटात निस्ती पिवळी चरबी, अंड्यांच्या बारक्या गोळ्या त्यात दबून गेल्त्या. शेजारची रहीमनबी म्हणली, "सखूबाई, तूच खिला खिलाके मारली हिला." खरंय. बाळंतीण नातीला अंडी भेटावी म्हणून बैलांची करडीची पेंड दोन्ही कोंबड्यांना चारत व्हते. आता एकटी तांबडी राह्यली, तीबी अंडं देईना. लेक माझा किसन, पण बोलतो कसा: "रविवारी जावई लेकराला बघाया येऊन राह्यले, माय. तवर अंडं न्हाई दिलं तर तीबी चुलीवर."

मंगळवार

रहीमनबीनं तांबडीच्या शेपटाखालची दोन हाडं चाचपली. मधी एक बोट मावंना. "दोन मावली की अंड्यावर आली समज." पेंड बंद. भिजवलेली मेथी, शेवग्याचा पाला, लसणाची पात. सांजच्याला मूठभर जवारी, तीबी अंगणभर फेकून, म्हंजे पळंल.

गुरुवार

मेथी बघून तांबडी मान फिरवती. नातबी मेथीचा लाडू बघून तशीच. एका वळणाच्या दोघी. दुपारी गव्हाणीत घुसून पेंड खाताना घावली. किसन हसला, मला न्हाई आलं हसू. गव्हाणीपुढं बाज टाकून बसले.

शनिवार

पाला खाल्ला. कुदून पळती. दीड बोट. किसन तिकडं सुरीला धार लावून राह्यला, मी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत व्हते. बाळ झोपेत हसलं. त्याला काय.

रविवार

दोन बोटं. बराबर दोन. रहीमनबीनंबी घालून बघितली. किसन म्हणतो, "जावयाला बोटं वाढू का, माय?"

वाटूरहून जावयाची गाडी आली. जावई पाय धुऊन राह्यले, तेवढ्यात तांबडी कोपऱ्यातल्या अंड्याच्या पाटीत जाऊन बसली. किती दिसांनी बसली. किसन सुरी घेऊन आला. म्या म्हणलं, "बसल्याली उठवायची न्हाई." जावई म्हणले, "राहू द्या मामा, मला भूक न्हाई." गाडीत बसून एवढ्या लांबून आलेला माणूस.

नातीनं चूल पेटवलीय, मसाला वाटून झाला. मी पाटीला पाठ लावून हे लिव्हते. किसन दारात उभा हाय. मागं तांबडी पिसं फुगवून बसलीय, आवाज करंना. हात घालून बघावं तर उठंल, म्हणून मीबी पाठ हलवत न्हाई.