माझं बिनकवळीचं तोंड

सोमवार, ता. ८

तोंड माझं, आणि ते जगभर हिंडतंय हे मलाच ठाऊक नाही!

चष्म्याची दांडी बसवायला गेले होते. दुकानदार फिदीफिदी हसला. "आजी, कवळी काढली की तुम्ही अगदी तान्ह्या बाळासारख्या दिसता हो!" म्हटलं, मेल्या, तू कधी पाहिलंस? त्याने मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढे धरला. मी! आ वासून! कवळी हातात, पार पडजिभेपर्यंत सगळा देखावा. नवऱ्यालाही कधी दाखवलं नाही ते!

खाली नातीचं नाव. नात दातांची डॉक्टर, बापाच्याच दवाखान्यात बसते. परवा म्हणाली, "आजी, कवळी काढून आ कर बघू." मला वाटलं, तपासतेय!

मंगळवार, ता. ९

नातीला धरलं.

"अगं, आता पेशंट आधी मोबाइलवर बघतो, मग पायरी चढतो. कवळी कशी सांभाळायची ते लोकांना कुणी सांगतच नाही. हजारोंनी पाहिलंय, आजी!"

"तेच तर माझं रडगाणं आहे. विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

घ्या! शिकलेल्यांचा न्याय!

तेवढ्यात लेक आला. त्यालाही कुणीतरी दाखवलं होतंच. चपला न काढताच कडाडला — "खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड म्हणजे त्याचं घर. आपल्याला दार उघडलं म्हणून गाव गोळा करायचा नसतो! आणि ही तर माझी आई!" याने जन्मात दारावरच्या पाटीपलीकडे जाहिरात केली नाही.

"म्हणूनच तुमची खुर्ची दुपारभर रिकामी असते, बाबा."

झालं! "ते पुसून टाक, नाहीतर उद्यापासून दवाखान्यात पाऊल टाकू नकोस."

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून गप्प बसावं — तर मला दातच नाहीत.

बुधवार, ता. १०

नात दवाखान्यात गेली नाही. पुसलंही नाही. अस्सल बापाची लेक! दुसऱ्या गावी नोकरी बघते म्हणाली. सून दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढते आणि माझ्याकडे असं बघते, जणू मीच चौकात जाऊन तोंड उघडलं.

दुपारी नातीला म्हटलं, लोक काय बोलतात ते तरी वाच. एकाला म्हणे त्याची आई आठवली. एकीला माझा गाल ओढावासा वाटतो — ये म्हणावं, ओढून बघ! मग वाचता वाचता ती थांबली. अंगठ्याने भर्रकन वर सरकवलं.

"मधलं का गाळलंस?"

"काही नाही गं."

काही नाही म्हणताना चेहरा पांढराफटक.

गुरुवार, ता. ११

सकाळी नातीने खिडकीशी बसवून तोंडात बॅटरी मारली. या खेपेला आधी विचारलं मात्र!

शुक्रवार, ता. १२

गाळलेलं वदवून घेतलं. कुणी परगावची डॉक्टरीणबाई. लिहिते — आजींच्या जिभेला डाव्या कडेने पांढरा चट्टा दिसतोय. कवळी घासल्याचा वाटत नाही. तुकडा काढून तपासा, थांबू नका.

तिथेच तर मला चरचरतं! लेकाला सांगितलं होतं. त्याने ओझरतं बघून कवळीची कड घासून दिली. "बसेल हळूहळू, आई." पुन्हा सांगितलं. पुन्हा घासली.

संध्याकाळी नातीने त्याला वाचून दाखवलं. त्याने माझं तोंड पाहिलं — आता नीट. मग मटकन स्टुलावर बसला. मला वाटलं, लेकीला म्हणेल, चल उद्या दवाखान्यात.

तर म्हणतो काय — "ती कमेंट तेवढी काढून टाक. लोक म्हणतील, ज्याला आईच्या तोंडातलं दिसलं नाही, तो आमचं काय बघणार?"

मी गार! मंगळवारी आईची अब्रू, आज याची!

नातीने मोबाइल खिशात टाकला. कमेंट काढली नाही.

शनिवार, ता. १३

मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढला. घरी कुणी जेवलं नाही. मी दूध प्यायले.

शुक्रवार, ता. १९

रिपोर्ट आला. कॅन्सरच. लवकर सापडला म्हणतात, कापला की सुटाल. जिभेचा तुकडा जाईल. सुनेला तेवढाच आराम.

पुढे बोलणं कितपत जमेल कोण जाणे, म्हणून तिघांना समोर बसवून सांगून टाकलं. व्हिडिओ राहील. कमेंट राहील. नातीने न विचारता काढला, तो राग माझा आहे, माझं मी बघेन. पण त्या बाईला उत्तर नातीने द्यायचं नाही. लेकाने द्यायचं — स्वतःच्या नावाने, सगळ्यांना दिसेल असं.