डाव्या बाजूच्या दोऱ्या

३ नोव्हेंबर

अबोल्याचा दुसरा दिवस. कारण काय, तर गळाच्या दोऱ्यांची टोपली! दाराच्या डाव्या हाताला ती वर्षानुवर्षं बसून आहे. काल आमच्या स्वारीनं थेट तिच्यात पाय घातला, नीट गुंडाळलेल्या चारही दोऱ्यांची वाट लावली, आणि वर मलाच — "ही वाटेत कोणी ठेवली?" मी म्हटलं, वाट टोपलीच्या बाजूनं जाते, टोपलीतून नाही. झालं! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

आता घरात सगळं हवेशी बोलणं. "कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय." "कुणीतरी दिवा मालवायला विसरलंय." घरात आम्ही दोघंच. हा 'कुणीतरी' मात्र फार कामाचा निघाला.

४ नोव्हेंबर

घरात अबोला चालतो, होडीत चालत नाही.

चालत्या होडीमागे चार गळ ओढायचे म्हणजे चार जावा एका घरात नांदवायच्या. बाहेरच्या दोन दोऱ्या बाजूच्या काठ्यांवरून — लांब आणि हलक्या. आतल्या दोन आखूड, शिसं बांधलेल्या, खोल जाणाऱ्या. जिची तिची जागा ठरलेली, मग कटकट नाही. कटकट होते वळणावर. म्हणून सुकाणूवरच्यानं वळायच्या आधी ओरडायचं — "डावी!" नाहीतर "उजवी!" — आणि मी मागे बसून त्या बाजूची लांब दोरी चटकन आत ओढून घ्यायची. नाहीतर ती सैल पडते आणि शेजारणीच्या गळ्यात पडते.

आज स्वारी ओरडली नाही. अबोला ना! पाण्यावर तरंगणाऱ्या लाल पिंपाशी गर्रकन डावीकडे वळली आणि दोन दोऱ्यांची घट्ट वेणी. सकाळ सगळी गाठी सोडवण्यात गेली. मासा नावालाही नाही.

आणि पिंपाला अगदी घासून गेलो आम्ही. तिथे पाण्याखाली खडक आहे, म्हणून तर ते पिंप बांधलंय! राग माझ्यावर, होडीनं काय घोडं मारलंय?

५ नोव्हेंबर

तह झाला. "वळायच्या आधी कुणीतरी फळीवर ठोकावं," असं मी इंजिनाला सांगितलं. स्वारीनंही इंजिनालाच उत्तर दिलं — "एक ठोका डावी, दोन ठोके उजवी." इंजिनाला घरातलं सगळं कळायला लागलंय.

७ नोव्हेंबर

नवीन थेर! स्वारीनं सुकाणूमागच्या बैठकीवर जाड फळी ठोकली. खाली पाय ठेवायलाही एक! सिंहासनच म्हणायचं. आता डोकं छपराला टेकतं, म्हणून महाराज मान वाकडी करून राज्य करतात. विचारणार होते, हे काय खूळ? पण आधी बोलेल तो हरला.

९ नोव्हेंबर

उजवीचे दोन ठोके कसे वेळेवर येतात. मी दोरी ओढून, पदर खोचून तयार! डावीचा ठोका आणि वळण मात्र एकदमच. आज परत वेणी. परत डावीकडचीच.

धक्क्यावर बर्फवाला हसत होता. "वहिनी, मासे धरता की विणकाम करता?" मग म्हणतो, "दादांनी माझ्याशीपण अबोला धरलाय का हो? रोज हात हलवतो, बघतसुद्धा नाहीत."

मी म्हटलं, साथ आहे, लागण झाली असेल. हसलो दोघं.

घरी आल्यावर हात धुता धुता आठवलं. बर्फाची गाडी धक्क्याच्या डाव्या अंगाला असते. आणि टोपली दाराच्या डावीकडे. आणि पिंप.

१० नोव्हेंबर

मुद्दाम ह्यांची टोपी डावीकडच्या खुंटीला अडकवली. घरभर शोधली ह्यांनी. दोनदा खुंटीजवळून गेले, टोपी खांद्याला घासली तरी कळलं नाही. "कुणीतरी टोपी लपवलीय."

एरवी ह्यावर मी पानभर लिहिलं असतं. आज हसू येईना. भीती वाटली. खडकाची वाटलीच, पण त्याहून जास्त ह्यांना सांगायचं कसं ह्याची. जन्म सुकाणूवर गेला ह्यांचा. ते हातातून काढून घ्यायचं, आणि तेही मी?

११ नोव्हेंबर

वारा होता. होडी बाहेर काढली नाही. बरं झालं.

१२ नोव्हेंबर

मीच हरले. बोलले. "अहो, थोडे दिवस सुकाणू मला द्या. दोऱ्या ओढून ओढून बोटं दुखतात."

साफ खोटं! बोटं ठणठणीत आहेत. मला वाटलं, आता तोफ सुटणार — सुकाणू म्हणजे काय पोळपाट-लाटणं वाटलं का, वगैरे. हे नुसतं "बरं" म्हणाले. म्हटलं, उद्या दुपारी डॉक्टरकडे चला माझ्याबरोबर, बोटं दाखवते, जातोच आहोत तर तुम्हीही डोळे तपासून घ्या. तर म्हणाले, "येतो."

इतक्या सहज! नाटकात काम करायला हवं होतं मी. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

१३ नोव्हेंबर

पहाटे सुकाणूवर बसले. मी ही अशी बुटकी. पूर्वी कधी त्या जागी बसले तर होडीच्या नाकापलीकडे काही दिसायचं नाही. आज सगळं पाणी दिसलं, लाल पिंपसुद्धा लांबूनच. डोकं छपराला लागलं नाही. पाय खालच्या फळीवर बरोबर टेकले.

मागे वळून बघितलं. चारही दोऱ्या बोटांवर घेऊन हे डोळे मिटून बसले होते.

मी ओरडले, "डावी!"

"ओढली गं," म्हणाले. "बैठक ठीक आहे ना? अंदाजानं ठोकली होती."