चाओदी आणि नकुशा

४ फेब्रुवारी १९५२
काल माझ्या धाकट्या भावाला, बाळासोला, चौथी मुलगी झाली. आईनं जाहीरच केलं — "हिचं नाव नकुशा. मग बघ, पाठीवर पोरगाच येतोय!" मी उसळले. तर म्हणते कशी, "तुझं न्हाय ठेवलं व्हय? आला की बाळासो!"
झालं! पुरावा म्हणून मीच उभी! शाळेत सगळे नुसतं 'बाई' म्हणतात म्हणून बरं.

७ फेब्रुवारी
दाढ! आई गं!

८ फेब्रुवारी
दाताच्या चिनी डॉक्टरांकडं जाऊन दाढ उपटून आले. त्यांची बायको चक्क आपल्यासारखं बोलते — "लई दुखतंय व्हय?" नाव विचारलं. चाओदी. किती गोड! अर्थ काय म्हटलं. "चाओ म्हंजे बोलाव. दी म्हंजे धाकटा भाऊ." मुलगा हवा असला की तिकडं मुलीचं नाव असं ठेवतात म्हणे. हिनं बोलवायचं, त्यानं यायचं!
अगं बाई, ही तर चिनी नकुशा! मी माझं नाव सांगितलं, अर्थही सांगितला. दोघी इतक्या हसलो की गालातला कापूस बाहेर पडला.

९ फेब्रुवारी
दाढ दाखवायच्या निमित्तानं पुन्हा गेले. विचारलं, मग आला का भाऊ? मनात म्हणत होते — नाही म्हण, नाही म्हण, आईच्या तोंडावर टाकते!
"आला की! तीन आले!"
सत्यानाश. हे आईला कळता कामा नये.
निघताना म्हणाली, "आई मला हाक मारायची, पर बोलवायची भावालाच." हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.

१३ फेब्रुवारी
उद्या बारसं. आईनं बजावलंय — "नाव आत्यानं सांगायचं, पर मी म्हणीन तेच!" बरं म्हटलं खरं.

१४ फेब्रुवारी
पाळण्यावर वाकले. बायका माझ्या पाठीत धपाटे घालायला टपलेल्याच. बाळाच्या कानात सांगितलं, मग मोठ्यानं — "नंदिनी!"
वहिनी रडायलाच लागली, आनंदानं. आई घुगऱ्या वाटायचं सोडून चुलीपुढं जाऊन बसली. रात्री जेवलीही नाही.

१५ फेब्रुवारी
आई बोलली. भाकरी थापत, माझ्याकडं न बघता. "नकुशा तुझ्या आत्यानं ठेवलं. मला कोण इचारतंय? बायका गेल्यावर मी तुझ्या कानात दुसरंच सांगितलं हुतं."
"काय?"
"चिमणा. चिमणीएवढीच हुतीस."
बत्तीस वर्षांची मास्तरीण, एक दाढ गेलेली — आणि चिमणा! "परत म्हण की," म्हटलं.
म्हणाली.