इभूतफुलाच्या बनाची व्यवस्था

मी, गुरुपादप्पा सिद्धराम बोरतळे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे बोरतळ, तालुका उदगीर, जिल्हा लातूर (परवापरवापर्यंत उस्मानाबाद, जीभ अजून जुन्याच जिल्ह्याकडे वळते), डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या भिडेला न पडता, माझ्या मागची व्यवस्था लिहवून घेतो ती अशी :

१. राहते घर व विहिरीकडची नऊ एकर जमीन मुलगा सिद्धराम याला. मात्र पत्नी नीलाबाई हयात असेपर्यंत घरात हुकूम तिचा चालेल. आजही तिचाच चालतो, पण कागदावर असलेला बरा.

२. देवणी गाय व तिची कालवड नीलाबाईला. सिद्धरामने ट्रॅक्टरच्या नादाने त्या बाजारात नेऊ नयेत.

३. माळाखालचे दीड एकर बन. हे वडिलोपार्जित नाही, मी स्वतः विकत घेतले, तेव्हा त्यावर कोणाचा हक्क पोचत नाही. त्यात इभूतफुलाची झुडपे आहेत. कमरेएवढे झुडूप, श्रावणात भस्माच्या रंगाची बारीक फुले. आमच्या माहितीत ते दुसऱ्या कुठल्या रानात नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात बाकी सगळे करपले, हे मात्र फुलले. पावसासाठी आम्ही लिंगायत घरांनी महादेवाला सव्वा लाख फुलांचा नवस बोलला. पुढारपण माझे. गुराखी सटवाजी तेव्हा म्हणाला, "आप्पा, समदी फुलं खुडलाव तर बी कशाला धरंल? निम्मी ऱ्हाऊ द्या." मी त्याला सर्वांदेखत देवळाच्या पायरीवरून खाली उतरवले. तो पुन्हा चढला नाही.

नवस फेडला. पुढेही दर श्रावणात आम्ही झाडावर फूल ठेवले नाही. ठेवलेले फूल म्हणजे देवाच्या वाट्यातली चोरी, अशी आमची समजूत. जुनी झुडपे वाळत गेली आणि मागे बी नव्हते. फांदी लावून ते जगत नाही, मी सहा वेळा लावून पाहिले. आज अकरा झुडपे उरली आहेत; यंदाच्या श्रावणात प्रथमच फुले झाडावर राहू दिली, त्यांना शेंगा धरल्या आहेत. देव काही फुलांवाचून अडला नव्हता, हे मला फार उशिरा कळले. त्याची मला लाज वाटते.

सबब हे बन सटवाजी रामकिशन देवकते यांना मालकीहक्काने द्यावे. तिथले एकही फूल कोणी तोडू नये. माझ्या समाधीला बेल पुरेल.

४. फुलांची पितळी परडी मोडीत द्यावी.

५. ज्याला द्यायचे त्याने साक्ष करू नये, असे वकील सांगतात. म्हणून सटवाजी बाहेर ओट्यावर बसून आहे. मेल्यावर मागितलेली माफी कोणाच्या कामाची नाही. म्हणून सही करण्याआधी कलम तीन त्याला वाचून दाखवायला लावले आणि मी त्याच्यापुढे हात जोडले. त्याने माझे हात धरून खाली केले. मग म्हणाला, "जमिनीचं ऱ्हाऊ द्या, आप्पा. शेंगा कवा फुटतेत ते तुमाला ठावं न्हाई. चैतात या, दावतो."

चैत्राला चार महिने आहेत. डॉक्टर दोन म्हणतात. मी येतो म्हणून सांगितले.

सही : गुरुपादप्पा सिद्धराम बोरतळे

समक्ष साक्षीदार :
१. धोंडप्पा शिवलिंगप्पा (सही)
२. किशनराव नरसिंग (डाव्या अंगठ्याची निशाणी)

मुक्काम बोरतळ, १२ डिसेंबर १९८३